हवेत टांगलेलं चर्च

श्रोतेहो, नमस्कार.

रशियाच्या वायव्येला करेलिया नावाचा प्रदेश आहे. तिथल्या ओनेगा सरोवरात किझी हे चिंचोळं बेट, आणि त्या बेटावर १७१४ सालचं एक ऑर्थोडॉक्स चर्च. सगळं लाकडाचं. उंची ३७ मीटर आणि घुमट २२! लांबून पाहिलं तर कुणीतरी कांद्यांची रास रचून ठेवल्यासारखी दिसते. उपमा स्वयंपाकघरातली झाली खरी, पण असल्या घुमटांना जगभर कांद्याचे घुमटच म्हणतात.

या चर्चची एक दंतकथा आहे. नेस्तर नावाच्या सुतारानं ते एकट्या कुऱ्हाडीवर उभारलं, एकही खिळा वापरला नाही, आणि काम संपल्यावर कुऱ्हाड सरोवरात भिरकावून दिली. असं दुसरं होणे नाही, म्हणून! गोष्ट झकास आहे, पण अर्धीच खरी. पाइनचे ओंडके टोकाला खाचा पाडून एकमेकांत बसवलेत, तिथे खिळा नाही. घुमटांवर मात्र माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी चकत्या आहेत, त्या खिळ्यांनीच ठोकल्यात. या चकत्या ॲस्पेनच्या. पिंपळासारखी सळसळणारी पानं असतात ना, ते झाड.

हे चर्च फक्त उन्हाळ्यातलं बरं का. आत शेगडीची सोय नाही. हिवाळ्यात गावकरी शेजारच्या छोट्या, ऊब असलेल्या चर्चमध्ये प्रार्थनेला जमायचे.

आता दुरुस्तीकडे येतो, कारण मला खरं सांगायचंय ते तिथलंच. एकोणिसाव्या शतकात या चर्चला बाहेरून फळ्या ठोकल्या होत्या आणि घुमटांवर पत्रा चढवला होता. १९५०च्या दशकात अलेक्सांद्र ओपोलोव्निकोव्ह या वास्तुतज्ज्ञानं ते सगळं उतरवलं आणि मूळचे ओंडके उघडे केले. रूप खुललं, यात शंका नाही. पण त्या कुरूप फळ्या पावसाचा मारा झेलत होत्या! त्या काढल्यामुळे ओंडके लवकर कुजले, असं अनेक जाणकार म्हणतात. मला ते पटतं. जुनी वास्तू देखणी करणं वेगळं आणि तिला जगवणं वेगळं.

घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे वासेच आधी फिरले. भिंती कलल्या, ओंडके दबले. १९८० साली चर्च लोकांसाठी बंद झालं. आतली चित्रभिंत, म्हणजे संतांची चित्रं ओळीनं मांडलेला लाकडी पडदा, उतरवून ठेवली आणि तिच्या जागी पोटात पोलादी सांगाडा उभा केला. पुढे काय करायचं, यावर वर्षानुवर्षं वाद. सगळं चर्च सुटं करून पुन्हा जोडावं, असंही मत होतं.

शेवटी ठरलं ते ऐका. आपल्याकडे वाड्याचा कुजलेला खांब बदलताना तुळईला टेकू देतात. तेच इथे केलं, फक्त अख्ख्या चर्चला. उभ्या उंचीचे सात पट्टे पाडले. वरचा भार त्या पोलादी सांगाड्यावर टांगला आणि खालचा पट्टा ओंडका-ओंडका करून बाहेर काढला. बेटावरच्याच कार्यशाळेत प्रत्येक ओंडका तपासायचा, कुजलेला भाग तासायचा, तिथे नव्या लाकडाचं ठिगळ बेमालूम बसवायचं, आणि अगदीच गेलेला असेल तरच नवा घ्यायचा. मग पट्टा तिथेच जमिनीवर जुळवून पाहायचा आणि नंतर जागेवर न्यायचा. घर पायापासून बांधतात, तशी ही दुरुस्तीही खालून वर चढली. त्या वर्षांत बोटीनं येणाऱ्यांना घुमट जागच्या जागी दिसायचे आणि खाली मात्र आरपार उजेड.

हे काम साधारण दहा वर्षं चाललं. मधेच, २०१८च्या ऑगस्टमध्ये, याच सरोवराकाठी कोंदोपोगा इथलं १७७४ सालचं लाकडी चर्च एका मुलानं लावलेल्या आगीत जळून गेलं. अडीचशे वर्षांचं लाकूड एका दिवसात राख! किझीच्या सुतारांनी त्या दिवशी हातातलं पटाशी-रंधा खाली ठेवला असेल का, असं माझ्या मनात येतं.

२०२० साली, चाळीस वर्षांनी, किझीचं दार उघडलं. चित्रभिंत आपल्या जागी परतली आहे. घुमटांवरच्या चकत्या नव्या असताना पिवळसर, ताज्या कापलेल्या लाकडाच्या रंगाच्या असतात. ऊन-पाऊस खाऊन त्या हळूहळू रुपेरी होतात.

नमस्कार.