सहावा दिवस

[दृश्य: आस्वान, एलिफंटाइन बेट. नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या.]

भिंतीवरच्या या आडव्या खाचा बघा. प्राचीन इजिप्तमध्ये नाईलचं पाणी किती चढलं, ते इथे मोजत. पुरावर पीक आणि पिकावर सारा ठरायचा.

[दृश्य: पहाट, क्षितिजालगत व्याध.]

पुराची वर्दी द्यायचा व्याध. सत्तरेक दिवस लोपलेला हा तारा पहाटे सूर्याच्या जरा आधी दिसला, की नदी फुगायला लागे. आपल्याकडे मृग लागल्यावर शेतकरी आभाळाकडे बघतो, तसंच. कारभाराचं वर्ष मात्र ठोक हिशेबाचं: 30 दिवसांचे 12 महिने, वर पाच दिवस. हे पाच म्हणजे ओसायरिस, होरस, सेत, इसिस आणि नेफ्थिस या देवतांचे जन्मदिवस. एकूण 365. सुटसुटीत!

सुटला तो फक्त पाव दिवस. चार वर्षांत एक दिवस, 120 वर्षांत अख्खा महिना. होता होता पुराचे म्हणवणारे महिने कापणीच्या दिवसांत येऊन बसले.

[दृश्य: शिळा. कॅमेरा सावकाश वरून खाली, मग कडेवर.]

तानिसला 1866 साली सापडलेली ही शिळा. वर चित्रलिपी, खाली ग्रीक, बाजूच्या कडेवर डेमोटिक, म्हणजे रोजच्या व्यवहाराची इजिप्शियन लिपी. इ.स.पू. 238 मध्ये कॅनोपसला जमलेल्या पुरोहितांचं हे फर्मान. तिसरा टॉलेमी आणि राणी बेरेनिके यांची भरपूर स्तुती झाल्यावर मुद्दा येतो: हिवाळ्यातले सण उन्हाळ्यात जाऊ नयेत, म्हणून दर चार वर्षांनी त्या पाच दिवसांना सहावा जोडावा. हा सहावा दिवस अर्थातच राजाराणीच्या उत्सवाचा. पंचांग सुधारतानाही दरबार सांभाळावा लागतोच.

लीप वर्ष म्हटलं की आपण ज्युलियस सीझरचं नाव घेतो. त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी ही युक्ती दगडावर कोरून तयार होती. रोमचं पंचांग बदलताना त्याने सल्ला घेतला तोही इजिप्तच्या परंपरेत मुरलेल्या सोसिजेनिस या खगोलतज्ज्ञाचा.

इजिप्तमध्ये मात्र फर्मान कोणी पाळलं नाही. सहावा दिवस रुजला तो रोमन सम्राट ऑगस्टसच्या अमलाखाली.

[दृश्य: बाजार. लाल खजूर, पेरू.]

त्याच पंचांगावर चालतं इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिश्चनांचं नवं वर्ष, नैरूज. महिन्यांची नावं अजून जुन्या वळणाची, आणि इजिप्तचे शेतकरी पेरणी-कापणीचा हिशेब अजूनही त्यांवर लावतात. नैरूज एरवी 11 सप्टेंबरला येतो. सहावा दिवस धरला, की त्या साली 12 सप्टेंबरला. 2023 मध्ये तसाच आला होता.