खाली पॉवरलूम, वर रोबो

मागचे लोक पुढं या की, खुर्च्या रिकाम्याच आहेत, आणि मी दाखवणार ती वस्तू अर्ध्या वितीएवढी आहे, तिथून काय दिसणार. हा बघा, पेपरात गुंडाळून आणलेला गडी. गंडम म्हणतात याला, जपानी कार्टूनमधला रोबो. आणि याचे जे प्लास्टिकचे किट मिळतात त्यांना गनप्ला. हा गोष्टीत १८ मीटर उंच आहे, इथं १४४ पट लहान, म्हणजे साडेबारा सेंटीमीटर.

याची थोडी हिस्टरी सांगतो, जास्त नाही. जपानमध्ये १९७९ ला टीव्हीवर याची कार्टून मालिका आली, ५२ भागांची ठरली होती पण बघणारे कमी म्हणून ४३ वर गुंडाळली. आणि गुंडाळल्यावर लोकांना वेड लागलं! १९८० च्या जुलैत बंदाई कंपनीनं पहिला किट काढला, ३०० येनला. तो मात्र गम लावून चिकटवायचा, वर रंग पण आपणच द्यायचा. आताचे गम न लावता टकाटक बसतात, रंग द्यायची पण गरज नाही. २०२० मध्ये एंट्री ग्रेड म्हणून जो आला तो टॅक्स धरून ७७० येनचा, त्याला कटर पण लागत नाही, पार्ट ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला चिकटून येतात तिच्यातून हातानंच मोडून निघतात.

आता रंग न देता रंगीत कसा? हे मला कळायला वेळ लागला नाही कारण आमच्या घरात खाली पॉवरलूम. आपली सोलापुरी चादर आठवा. चादरीवर मोर असतो तो काय छापलेला असतो का? नाही. सूत आधीच रंगवलेलं असतं, आणि कुठला धागा कधी वर येणार ते लूमवर बसवलेल्या जॅकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून आधीच ठरलेलं असतं, म्हणून तर चादर उलटी केली तरी मोर दिसतो, फक्त रंग उलटे. इथं पण तसंच, पांढरा पार्ट आतूनबाहेरून पांढराच, निळा निळाच. बंदाईचा कारखाना शिझुओका शहरात आहे, तिथल्या मशीन एकाच फ्रेमवर वेगवेगळ्या रंगाचं प्लास्टिक ओततात. म्हणजे सगळी हुशारी साच्यात. साचा महाग, पण एकदा झाला की वर्षानुवर्षं माल निघतो, म्हणून एक नग स्वस्त पडतो. आमच्या वडलांना हे सांगितलं तर म्हणाले, मग यात नवीन काय आहे. बरोबर आहे त्यांचं.

महागडे पण मिळतात बरं का. मास्टर ग्रेड १९९५ पासून, परफेक्ट ग्रेड १९९८ पासून, फूटभर उंच, आत सांगाडा बिंगाडा सगळं. मी घेत नाही. परवडत नाही हे एक आणि दुसरं म्हणजे फळीवर ठेवल्यावर आतला सांगाडा कुणाला दिसतो? माझा नियम, दीड हजार रुपयांच्या वर जायचं नाही आणि आधीचा जोडून झाल्याशिवाय नवीन बॉक्स आणायचा नाही. हा दुसरा नियम तीनदा मोडलाय, घरी सांगू नका.

सुरुवातीला मी नेलकटरनं पार्ट कापायचो, चालतं. पण एकदम कडेला कापू नका, आधी लांबून कापा मग उरलेलं थोडं थोडं, नाहीतर गडद रंगाच्या पार्टवर पांढरा डाग पडतो तो जात नाही. अंगावरच्या खोदलेल्या रेषा भरायला पांढऱ्यावर राखाडी पेन घ्या, काळा पेन घेतला की शाळेतल्या चित्रासारखं दिसतं. मी एकदा थिनरवाली शाई सांध्यात सोडली आणि दोन दिवसांनी पाय तडकला, थिनर ताणात असलेल्या प्लास्टिकला खातं, हे मला पाय गेल्यावर कळलं.

पण माझा खरा शत्रू वेगळाच. लूम चालू झाला की वरची फळी थरथरते, आणि हे गडी सकाळी भिंतीकडं असतात ते संध्याकाळपर्यंत वळून कडेला येतात. आई म्हणायची, रात्री चालतात की काय रे हे! एक तर खालीच पडला, शिंग मोडलं. आता प्रत्येकाच्या तळव्याला डबल टेपचा बारका तुकडा. पाय फाकवून, गुडघे थोडे वाकवून, अंग किंचित पुढं झुकवून ठेवायचं, कारण पाठीवरचं ओझं जड असतं, सरळ उभा केला की मागं जातो. आणि कापसाचं तूस! दर रविवारी मेकअपच्या मऊ ब्रशनं झाडतो, ओलं फडकं लावलं की तूस सांध्यात जाऊन बसतं. खिडकीसमोर तर ठेवूच नका, आपल्याकडचं ऊन माहितीये ना, पांढरं प्लास्टिक उन्हानं पिवळं पडतं.

बास, बोलून दाखवण्यात मजा नाही. याचा उजवा हात मी मुद्दाम काढून आणलाय. तू ये बे पुढं, लाल शर्टवाला. खांद्यात घाल, दाब. अजून दाब, मोडत नाही. टक् वाजलं का? नाही? मग डावा म्हणून धरलायस, फिरव.