खारे वारे, मतलई वारे

श्रोते हो, नमस्कार.

साकोलीकडच्या एका खेड्यात मी ३० वर्षं भूगोल शिकवला. 'दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे.' किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल! समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे पाणी म्हणजे बोडी, नाहीतर मालगुजारी तलाव, आणि होडी म्हणजे ढिवराचा डोंगा.

निवृत्त झालो त्या हिवाळ्यात भाच्यानं बोलावलं. आधी तो मोठ्या जहाजांवर नोकरीला होता, आता ३४ फुटी शिडाची होडी घेऊन तिच्यातच राहतो. तेव्हा नांगर होता विजयदुर्गला, वाघोटण खाडीच्या मुखाशी. बायको म्हणाली, "पोहता येते काय जी तुम्हाले?" येते, पण तलावातलं. गेलो.

पहिल्या सकाळी चहा घेताना उजव्या खिडकीत किल्ला होता. जेवायला बसलो तर तो डावीकडे! होडी दाव्याला बांधलेल्या बैलासारखी नांगराभोवती फिरते. भरतीला तोंड समुद्राकडे, ओहोटीला खाडीकडे. वारा जोराचा असला तर तिसरीकडेच.

आणि वारे! पहाटे घाटाकडून गार मतलई यायचा, मफलर काढवत नसे. नऊ-दहाला तो पडायचा. दुपारी वायव्येकडून खारा उठला की डोलकाठीवरच्या दोऱ्या टकटक वाजू लागत. जमीन लवकर तापते, लवकर निवते, हे कारण पुस्तकात होतंच. पण या दोन वाऱ्यांच्या मधला तो तास पुस्तकात नव्हता. पाणी तव्यासारखं सपाट, आणि शीड दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबतंय. मी विद्यार्थ्यांना हा तास कधी सांगितलाच नाही.

गोड्या पाण्याची टाकी २०० लिटरची. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची, शेवटी गोड्या पाण्याचा एकच हात फिरवायचा. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. मे महिन्यात आटलेल्या विहिरी पाहिलेला माणूस मी.

एके दिवशी लहान होडी वल्हवत गिर्ये गावाकडची आंग्र्यांची गोदी पाहिली. भरतीला जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, ओहोटीला पाणी सोडून दिलं की जहाज कोरडं, करा दुरुस्ती. ना पंप, ना डिझेल. १७५६च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी किल्ला घेतला आणि इथलं आंग्र्यांचं आरमार संपलं. मला आपलं तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, आठवलं. पाणी कधी अडवायचं, कधी सोडायचं, एवढीच तर विद्या!

ही विद्या मला मात्र महागात पडली. भाचा दुकानात सामान आणायला गेला होता. मी एकटाच लहान होडी घेऊन कांदळवनातल्या एका फाट्यात शिरलो. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या, मासा असून चक्क जमिनीवर! बघत राहिलो. अकराच्या सुमारास वल्हं मारलं तर खाली चिखल. धान रोवणारा माणूस चिखलाला भीत नाही म्हणून उतरलो, तर मांडीपर्यंत आत. कालवं चिकटलेल्या खडकाला धरून वर आलो आणि तळहात कापला. मग काय, बसलो. पाणी परत येऊन होडी उचलली गेली तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. नशीब, शुद्ध द्वादशीचं चांदणं होतं.

धक्क्यावर एक म्हातारे मच्छीमार हसत म्हणाले, "मास्तर, आज तिथी कुठली?" मग त्यांनी हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. द्वादशी म्हणजे बारा, बाराचे पाऊण नऊ. नऊला भरती झाली, पुढे सहा तास पाणी उतरणार. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराची भरती-ओहोटी. ३० वर्षं पावकी-निमकी-पाऊणकी घोकून घेणारा मास्तर, आणि ही पाऊणकी मला ठाऊक नव्हती!

परत गावी आलो त्याला आता बरेच दिवस झाले. परवा बायको कॅलेंडरपाशी उभी राहून म्हणाली, "उद्या एकादशी आहे जी, साबुदाणा भिजवू काय?"

मी म्हटलं, "सवा आठ."