डिरबलमधला जास्तीचा 'ङा'

(दृश्य: ईशान्य ऑस्ट्रेलिया, टली नदीच्या परिसरातलं वर्षावन)

क्वीन्सलंडच्या या ओल्या जंगलपट्ट्यातली भाषा म्हणजे डिरबल. 1963 मध्ये भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन इथे आले, आणि 1972 मध्ये त्यांनी लिहिलेलं या भाषेचं व्याकरण प्रसिद्ध झालं. तेव्हापासून एर्गेटिव्ह भाषांचा, म्हणजे कर्म असलेल्या वाक्यात कर्त्याला खास प्रत्यय लावणाऱ्या भाषांचा, विषय निघाला की डिरबलचं नाव निघतंच.

(पडद्यावर अक्षरं: ङुमा याबूङ्गू बुरन)

ङुमा म्हणजे वडील, याबू म्हणजे आई. आईनं वडिलांना पाहिलं. 'ङ्गू' इथे आपल्या 'ने'चं काम करतो. जिनं पाहिलं तिला प्रत्यय, ज्यांना पाहिलं ते मोकळे. इथवर मराठी माणसाला काही परकं वाटू नये. 'रामने आंबा खाल्ला' यातही प्रत्यय रामलाच लागतो, आणि क्रियापद आंब्याशी जुळतं. इतकंच काय, प्रमाण मराठीत 'मी' आणि 'तू' यांना आपण 'ने' लावत नाही. डिरबलमध्येही ही दोन सर्वनामं 'ङ्गू'पासून लांबच राहतात.

खरी गंमत वाक्यं जोडताना होते. पडद्यावरच्या त्या वाक्याच्या शेवटी 'बनगन्यू' जोडा. अर्थ, परतणं. यात स्त्रीलिंग-पुल्लिंग काही कळत नाही. मग परतलं कोण? मराठी कान म्हणेल, आई. डिरबल बोलणारा म्हणेल, वडील. कारण तिथे दुसरं वाक्य कर्त्याला नाही, तर प्रत्यय न लागलेल्या नामाला जोडलं जातं.

मग 'वडील परतले आणि त्यांनी आईला पाहिलं' हे सांगायचं कसं? पाहणारे वडील, म्हणजे त्यांना 'ङ्गू' लागणार, आणि जोडणी फसणार.

(पडद्यावर: ङुमा बनगन्यू बुरलङान्यू याबूगू)

इथे कामाला येते ती अँटिपॅसिव्ह रचना, म्हणजे कर्त्याला मोकळं करून कर्माला बाजूला सारणारी. क्रियापदाच्या पोटात 'ङा' शिरला. वडिलांचा 'ङ्गू' गळला. आईला 'गू' लागला, साधारण आपल्या 'ला'सारखा. हिशेब करून पाहा: नामांवर प्रत्यय आधी एक होता, आताही एकच आहे. वाढला तो फक्त 'ङा'.

या वाढीकडे नैसर्गिकतेचा सिद्धान्त बारकाईनं पाहतो. व्हिएन्नाचे ड्रेसलर, क्लागेनफुर्टचे मायरथालर आणि बर्लिनचे वुर्त्सेल या भाषाशास्त्रज्ञांनी 1970-80 च्या दशकांत तो रूपविचारात, म्हणजे शब्दरूपांच्या अभ्यासात, मांडला. ल्युब्लियानाचे यानेझ ओरेश्निक यांनी पुढे वाक्यरचनेत नेला. मूळ म्हणणं सोपं आहे: जे स्वाभाविक, ते साध्या रूपात; त्यापलीकडचं काही सांगायचं, तर रूपात भर. घर एक, घरं अनेक.

पण अँटिपॅसिव्हपाशी हा सिद्धान्त अडखळतो. मायरथालर यांच्या मते स्वाभाविकतेचं माप म्हणजे बोलणारा माणूस: सजीव, काहीतरी करणारा, 'मी' म्हणणारा. त्या मापानं कर्ता बिनप्रत्ययाचाच हवा, आणि तो तसा असतो नेमका अँटिपॅसिव्हमध्ये. मग तीच रचना स्वाभाविक असेल तर जास्तीचा 'ङा' तिच्याच गळ्यात का? मला इथे वुर्त्सेल यांचं म्हणणं जास्त पटतं. काय स्वाभाविक, हे त्या त्या भाषेची घडणही ठरवते. डिरबलच्या घडणीत मोकळी जागा कर्माची. तिथे कर्त्याला बसवायचं, तर खूण करावी लागणारच.

(दृश्य: पश्चिम ग्रीनलंडचा किनारा)

इथल्या भाषेत अँटिपॅसिव्हचं काम वेगळं. कर्म ठरावीक असेल, 'ती माणसं', तर क्रियापद कर्ता आणि कर्म दोघांशी जुळतं. कर्म मोघम असेल, नुसतंच 'माणसं', तर अनेक क्रियापदांना 'सी'सारखा प्रत्यय लागतो, कर्म 'निक' घेऊन बाजूला सरकतं आणि क्रियापद एकट्या कर्त्याशी जुळतं. म्हणजे कृती नेमक्या कर्मावर पडली की साधं रूप. कर्म पुसट झालं की क्रियापदात भर. सिद्धान्ताला हे चांगलंच मानवतं.

मराठीत मात्र 'ने' असूनही अशी रचना लागत नाही, कारण आपली वाक्यजोडणी बहुतांशी कर्त्यावरच चालते. आपलं एर्गेटिव्हपण प्रत्ययापुरतं आणि क्रियापदाच्या जुळणीपुरतं.

(दृश्य: पुन्हा क्वीन्सलंड, रस्त्याकाठची वस्ती)

तरुणांच्या डिरबलवरचा अ‍ॅनेट श्मिट यांचा अभ्यास 1985 मध्ये आला. इंग्रजीच्या रेट्याखाली जुनी जोडणी मोडत होती, 'ङ्गू'ही विस्कटत चालला होता. मायरथालर यांच्या बाजूचे लोक याला पुरावा म्हणतील. पण मोडणारी भाषा कर्त्याकडे झुकली ती मुळात कर्ताच स्वाभाविक म्हणून, की शेजारची इंग्रजी तशी म्हणून? या एका उदाहरणात ही दोन कारणं वेगळी काढता येत नाहीत.