एनफॅटला जोडीदार कोण मिळतो?

(दृश्य : मिरज, सकाळचे साडेसात. रक्ततपासणीची खोली.)

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेला रुग्ण तपासणीला आला, की पहिला प्रश्न ठरलेला : सकाळची कॅप्सूल घेतली नाही ना? शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिलं जाणारं टॅक्रोलिमस हे औषध दर १२ तासांनी घ्यायचं, आणि जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त द्यायचं ते सकाळची मात्रा घेण्याआधी. घरून कॅप्सूल घेऊन आलं तर रक्तातल्या औषधाचा आकडा फुगलेला दिसतो. मग डोस उगाच कमी होतो आणि शरीर नवं मूत्रपिंड नाकारू लागण्याचा धोका वाढतो.

हे औषध टी-पेशीत, म्हणजे परक्याशी लढणाऱ्या एका पांढऱ्या रक्तपेशीत, एनफॅट नावाच्या प्रथिनाची वाट अडवतं.

(दृश्य : टी-पेशीचं ॲनिमेशन.)

एनफॅट हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर : डीएनएवर बसून जनुकाचं काम वाढवणारं किंवा थोपवणारं प्रथिन. एरवी त्याच्या अंगावर फॉस्फेट असतात आणि ते केंद्रकाबाहेर थांबतं. टी-पेशीला परकं काही दिसलं, की आत कॅल्शियम चढतं, कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम फॉस्फेट उतरवतं आणि काही मिनिटांत एनफॅट केंद्रकात शिरतं. टॅक्रोलिमस या कॅल्सिन्युरिनलाच रोखतं.

खरी गंमत केंद्रकात आहे. टी-पेशींची संख्या वाढवणाऱ्या आयएल-२ या प्रथिनाच्या जनुकाआधी डीएनएच्या १५ अक्षरांची एक जागा आहे :

जीजीएएए एएसी टीजीटीटीटीसीए

पहिली पाच अक्षरं एनफॅटची, शेवटची सात फॉस-जून या प्रथिनांच्या जोडीची. फॉस-जून घट्ट बसते ती टीजीएजीटीसीए या क्रमावर. इथं दोन अक्षरं वेगळी आहेत, त्यामुळे एकटी आली तर तिची पकड सुटते. एनफॅट शेजारी असलं तर दोघं एकमेकांना धरून ठेवतात. जागा अशी कच्ची आहे हेच बरं. फॉस-जून जोमात यायला टी-पेशीवरच्या सीडी२८ या ग्राहकाकडून दुसरी सूचना लागते, म्हणून नुसत्या कॅल्शियमवर हे जनुक पेटत नाही.

(दृश्य : प्रयोगशाळा, पेशींची प्लेट.)

प्लेटमध्ये हे सहज दिसतं. आयोनोमायसिन हे रसायन कॅल्शियम चढवतं, पीएमए हे दुसरं रसायन फॉस-जूनची वाट उघडतं. दोन्ही घालून ४ ते ६ तास ठेवलं, की आयएल-२ भरपूर. पीएमए घालायचं राहिलं, तर जवळजवळ काहीच नाही. त्याच पेशी नुसत्या आयोनोमायसिनमध्ये रात्रभर राहिल्या, तर दुसऱ्या दिवशी पेशीवरच्या सीडी३ आणि सीडी२८ या ग्राहकांतून नेहमीची चेतना देऊनही त्या थंडच राहतात. एकटं एनफॅट रिकामं बसत नाही, ते पेशीला मंदावणारी जनुकं चालू करतं.

इतर टी-पेशींना आवरणाऱ्या नियामक पेशींत एनफॅटला साथ असते फॉक्सपी३ या दुसऱ्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरची. तिथं तेच एनफॅट आयएल-२ दाबायला आणि सीटीएलए-४ हे लगाम घालणारं प्रथिन वाढवायला हातभार लावतं. फॉक्सपी३चं जनुक बिघडलं, तर मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि इसब होतो. या जनुकाच्या शोधाला आणि नियामक पेशींच्या कामाला २०२५चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

टॅक्रोलिमसला जोडीदार ओळखता येत नाही. ते एनफॅटला दारातच अडवतं, मग आत फॉस-जून वाट बघत असो की फॉक्सपी३. म्हणून मात्रा नेमकी लागते. आपल्याकडे क्षयाचं औषध सुरू झालं, की यात हमखास घोळ होतो : त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे यकृत टॅक्रोलिमस भराभर संपवतं आणि रक्तातली पातळी कोसळते. क्षयाची गोळी सुरू करायच्या आधीच प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना कळवायचं. ती बंद करतानाही कळवायचं, कारण तेव्हा पातळी उलट वर चढते.