गाडीचं तोंड बंद करणाऱ्यांसाठी थोडा कायदा

विषय दिलाय 'हात स्टिअरिंगवर ठेवा' ही गाडीची सूचना फसवून बंद पाडण्यातल्या कायदेशीर जोखमीचा, आणि तो येईलच, पण आधी त्यासाठी स्टिअरिंगला लावतात त्या वजनाबद्दल बोलू द्या कारण ते माझ्या डोक्यात गेलंय. ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा असलेली गाडी आपणहून लेन धरून चालते, पुढच्याशी अंतर राखते, पण तुमचा हात स्टिअरिंगवर आहे का हे सारखं तपासते. बऱ्याच गाड्यांत हात असला की स्टिअरिंगला किंचित पीळ पडतो, तो सेन्सर मोजतो, पीळ नसला की गाडी सूचना देते, बस्स. एवढं कळल्यावर माणूस गप्प बसेल का? हात आहे असं गाडीला भासावं म्हणून कुणी स्टिअरिंगमध्ये संत्रं खुपसलं, आणि एका अमेरिकन कंपनीने तर रीतसर चुंबकी वजनच विकायला काढलं, नाव ऑटोपायलट बडी, टेस्लाच्या ऑटोपायलट या यंत्रणेचा दोस्त. बडी म्हणे! वर तळटीप, फक्त रेस ट्रॅकवर वापरा. आता रेस ट्रॅकवर लेन असिस्ट लावून हात सोडून कोण फिरतं हो? जून 2018 मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने, एनएचटीएसएने, विक्री बंद करा म्हणून नोटीस धाडली.

इथे कुणी असलं काही लावलंय का? नको नको, हात वर करू नका, रेकॉर्डिंग चालू आहे.

आणि ते इंग्लंडचं प्रकरण तर माझं फार लाडकं. मे 2017, एम-वन मोटरवे, टेस्ला चालू ट्रॅफिकमध्ये पळतेय आणि ड्रायव्हरची सीट रिकामी, साहेब शेजारच्या सीटवर, हात डोक्यामागे घेऊन निवांत. बाजूच्या गाडीतून कुणीतरी व्हिडिओ काढला. पोलिसांना तो काय म्हणाला, तर पकडला गेलेला कमनशिबी तेवढा मीच! कोर्टात गुन्हा कबूल केला, 18 महिने गाडी चालवायला बंदी आणि 100 तास बिनपगारी काम. गाडीने शिक्षा भोगली नाही, लक्षात घ्या.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलीय म्हणे. बरं, मुद्द्याचं पटापट सांगतो.

आज अशा बहुतेक गाड्यांत जे आहे ते लेव्हल टू, म्हणजे यंत्रणा फक्त मदतीला, कायद्याच्या नजरेत गाडी तुम्हीच चालवताय. नुसती डुलकी लागली तर निदान निष्काळजीपणा म्हणता येतं, पण वजन लावलेलं सापडलं की संपलं, कारण तुम्हाला धोका माहीत होता आणि सूचना मुद्दाम बंद पाडली हे ते वजनच सांगतं, सरकारी वकिलाला वेगळं सिद्ध करायला फार काही उरत नाही. नुकसानभरपाईत कंपनी म्हणणार आमची सिस्टिम ठीक होती, यांनीच फसवली. विमा कंपनीलाही वाद घालायला आयतं कारण. आणि नाकारायचं म्हटलं तरी अपघाताच्या आसपासच्या क्षणांची नोंद ठेवणारा इव्हेंट डेटा रेकॉर्डर असतो, युरोपात जुलै 2024 पासून नव्या कारमध्ये तो सक्तीचाच आहे.

गॅरेजवाल्यांनो, तुम्हीही ऐका. अमेरिकेत कायद्याने बसवलेली सुरक्षा यंत्रणा जाणूनबुजून निकामी करायला उत्पादक, डीलर, दुरुस्तीवाले यांना मनाई आहे. मालकाचं नाव त्या कलमात नाही, म्हणून काही जण खूश होतात, पण बेदरकार ड्रायव्हिंगचं कलम त्यांच्यासाठीच आहे ना.

ड्रायव्हरवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यासमोर फोटो चिकटवणाऱ्यांचं आणि वॉरंटीचं राहिलंच, ते प्रश्नोत्तरांत विचारा, चिठ्ठीवाले उभेच राहिलेत आता.