चोरून ऐकणारा स्विच

[दृश्य: अंधाऱ्या रॅकमध्ये लुकलुकणारे हिरवे दिवे]

नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना जोडणारा, चोवीस पोर्टचा, म्हणजे केबल लावायच्या चोवीस जागांचा हा स्विच. चोवीसही दिवे एकाच लयीत लुकलुकताहेत. दिसायला छान, पण नेटवर्क सांभाळणाऱ्याच्या कपाळावर आठी पडावी असं हे दृश्य.

एका पोर्टवरून ८ एमबीपीएसचा व्हिडिओ आत येतोय. पाहणारे दोघेच. स्विच मात्र उरलेल्या तेवीसही पोर्टांवर त्याची प्रत ओततोय. असे बारा व्हिडिओ सुरू झाले, की १०० एमबीपीएसच्या पोर्टवर ९६ एमबीपीएस अडले. मग तिथे नुसता प्रिंटर का असेना.

स्विचला तरी काय बोल लावणार? आलेल्या फ्रेमवर, म्हणजे डेटाच्या पुडक्यावर, पाठवणाऱ्याचा पत्ता बघून तो शिकतो, कोण कुठल्या पोर्टवर आहे. हा व्हिडिओ मल्टिकास्ट, म्हणजे एकाने पाठवायचा आणि गटातल्या अनेकांनी घ्यायचा. त्याचा २२४ ते २३९ने सुरू होणारा पत्ता पडला गटाचा. तो पाठवणाऱ्याच्या रकान्यात कधी येतच नाही. मग सगळ्यांना वाटून मोकळा.

[दृश्य: दिवे एकेक करून शांत होतात, व्हिडिओ येणारा पोर्ट आणि पाहणाऱ्यांचे ७ व १५ चालू]

आता आयजीएमपी स्नूपिंग सुरू केलंय. आयजीएमपी म्हणजे गटात येण्या-जाण्याचे निरोप देण्याची पद्धत, आणि स्नूपिंग म्हणजे चक्क चोरून ऐकणं. ज्याला व्हिडिओ हवा, ते यंत्र ‘मला या गटात घ्या’ असा निरोप राउटरसाठी सोडतं. स्विच तो वाटेत वाचतो आणि टिपून ठेवतो: हा गट, पोर्ट ७. व्हिडिओ आता तिकडेच जाणार.

ही नोंद कायमची नसते. राउटर साधारण दर १२५ सेकंदांनी विचारतो, ‘कोणाला काय हवंय?’ उत्तर आलं की नोंद ताजी होते. २६० सेकंद काहीच ऐकू आलं नाही, तर पुसली जाते.

[दृश्य: पडद्यावर व्हिडिओ, कोपऱ्यात घड्याळ]

आणि विचारणारा राउटरच नसेल तर? बघा. ४ मिनिटं १८ सेकंद. १९. २०. चित्र गोठलं. केबल ठीक, कॅमेरा ठीक, पाहणाराही जागेवर. डोकं पिकवणारा बिघाड आहे हा. खरं तर स्विचच्या सेटिंगमध्ये स्नूपिंगच्या शेजारीच ‘क्वेरिअर’चा पर्याय ठळक दिसायला हवा, बऱ्याचदा तो शोधावा लागतो.

तो सुरू केला, की प्रश्न स्विचच विचारतो.

[दृश्य: पोर्ट ७चा दिवा]

प्रश्न गेला. उत्तर आलं. चित्र हललं. घड्याळात पाच मिनिटं, सहा... चालूच आहे.